माझं खासगी अभयारण्य

मंगळवार, २ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. आयुष्यभर ताम्पेरे शहराचे ट्रॅफिक सिग्नल आखले, आता निवृत्त होऊन मामाच्या या गावी राहतो. तेव्हाही रोज लिहायचो, पण ते वरिष्ठांसाठी. हे फक्त माझ्यासाठी.

निर्णय झाला. मामाने माझ्या नावावर ठेवलेल्या या रानात यंदापासून शिकार बंद. मामा होता तोवर गावच्या शिकार क्लबला रान मोकळं असायचं. ऑक्टोबरात ते एल्क मारायचे आणि नोव्हेंबरात गावजेवण घालून सगळ्या जमीनवाल्यांना एल्कचं सूप पाजायचे. म्हणजे एका वाडगाभर सुपाच्या बदल्यात आख्खं जंगल! मामा भोळा होता. मी नाही.

एल्क तरी काय, घोड्याहून उंच, लांबट तोंडाचं, बिचारं हरीण. कुणाच्या अध्यात ना मध्यात. उद्या ओइवाला सांगणार. वाद होणारच. मुद्दे पाठ आहेत.

बुधवार, ३ सप्टेंबर

सांगितलं.

ओइवा म्हणजे आमचा शेजारी. बांधाला बांध लागून शेती, शिवाय क्लबचा अध्यक्ष. त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना एका दमात सगळं बोलून टाकलं. तो बराच वेळ कप ढवळत बसला. साखर घातलेली नव्हती. मग म्हणाला, "बरं. जमीन तुझी."

बस्स! एवढंच! मी पुढचा मुद्दा काढणार तोच त्याची बायको हिल्का म्हणाली, "आणखी एक बन घे, वेयो." तोंडात बन असताना माणूस निसर्गाच्या हक्कांवर काय बोलणार?

निघताना ओइवा म्हणाला, "गोठ्यात तारेच्या जाळीचं एक भेंडोळं पडलंय. घेऊन जा. मार्केत्ताच्या झाडांना लाव. एल्कला सफरचंदाचं झाड दिसलं की ते सोडत नाही." मी नम्रपणे नको म्हटलं. ज्याला अभय दिलं त्याच्याच तोंडासमोर जाळी उभारायची? काहीतरी तत्त्व नको?

गुरुवार, ४ सप्टेंबर

मार्केत्ता, म्हणजे माझी बायको, म्हणते, जाळी आण. तिला तत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तत्त्व ठेव. जाळी आण."

तिचंही बरोबर आहे, तिच्या बाजूने. तिच्या वडिलांच्या अंगणात सफरचंदाचं जुनं झाड होतं. घर विकलं, नव्या मालकाने झाड तोडून तिथे गाडी लावली. त्याआधी मार्केत्ताने फांद्या आणून कलमं बांधली होती. तीन जगली. कंबरेच्या वर आली आहेत. वडिलांचं म्हणून तिच्याकडे आता तेवढंच आहे.

पण एल्कना एवढं रान मोकळं असताना ते अंगणात कशाला येतील? प्रत्येकाला आपापली लेन दिली की कोणी दुसऱ्याच्या लेनमध्ये घुसत नाही. हे मी शहरात सिद्ध केलं आहे. मधल्या चौकाचं सोडा.

शनिवार, १३ सप्टेंबर

पाट्या रंगवल्या. पांढऱ्यावर लाल: "शिकारीस सक्त मनाई." सगळ्या हद्दीवर ठोकल्या. अंगठ्यावरही एकदा.

दुपारी हिल्का बादली घेऊन आली आणि पाटीच्या बुडाशी बसून रानबेरी खुडू लागली. बेरी कुणीही कुणाच्याही रानात खुडाव्यात, तो सगळ्यांचाच हक्क, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाटीबद्दल काही बोलशील की नाही? शेवटी मीच खडा टाकून पाहिला. म्हणाली, "अक्षर छान आलंय." या गावात भांडायला माणूस मिळत नाही. डोकं भिंतीवर आपटावं आणि भिंतीने "बरं" म्हणावं.

रविवार, २८ सप्टेंबर

दिसली! एल्कची मादी, सोबत पाडस. मी स्तब्ध. तीही स्तब्ध. डोळ्यांत स्पष्ट विश्वास होता. मार्केत्ता म्हणाली, ती तुझ्या मागच्या झाडांकडे बघत होती. बायकांना अशा क्षणांचं मोल नसतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शिकारीचा हंगाम सुरू. सकाळी लांबून बार ऐकू आले. दुपारपर्यंत माझ्या रानात एल्कच एल्क! मोजायला लागलो तर एक दुसऱ्याच्या मागून निघायचं. डोळे भरून आले. या मुक्या जिवांना पाट्या वाचता येत नाहीत, पण माणूस वाचता येतो.

संध्याकाळी वसंतात लावलेल्या पाइनच्या रोपांकडे गेलो. बऱ्याच रोपांचे शेंडे नाहीत. ती लावताना मार्केत्ताची कंबर आठवडाभर धरली होती. तिला सांगितलं, छाटणीने झाड भरतं. ती म्हणाली, छाटणी शेंड्याची नसते.

सोमवार, १३ ऑक्टोबर

सफरचंदाचं पहिलं झाड गेलं. साल सोललेली, फांद्या मोडलेल्या, जमिनीतून एक काठी तेवढी उभी.

मी म्हटलं, ते पाडसाचं काम असणार, अजून लहान आहे, शिकेल. मार्केत्ताने खाली पडलेली एक डहाळी उचलून पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवली. मग धुतलेली भांडी पुन्हा धुतली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उपाय सापडला. माणसाच्या केसांच्या वासाने एल्क फिरकत नाही असं एका मासिकात आहे. गावातल्या सलूनमधून पिशवीभर केस आणले. सलूनवाली विचारत होती, कशाला. ताकास तूर लागू दिली नाही. मार्केत्ताच्या जुन्या लांब मोज्यांत केस भरून उरलेल्या दोन झाडांभोवती टांगले. लांबून झाडाभोवती कापलेले पाय लोंबतायत असं वाटतं. पोस्टमन आज गाडीतून उतरलाच नाही.

जाळी आणायची असती तर आज आणता आली असती. येताना ओइवा त्याच्या दारातच होता. पण मग तो "बरं" म्हणाला असता.

रविवार, १९ ऑक्टोबर

दुसरं झाड गेलं.

सकाळी ओइवा आला. हातात केसांनी भरलेला मोजा. त्याच्या शेतात सापडला. "हा तुमचा असावा," म्हणाला. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. हसला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. मग म्हणाला, "जाळी अजून तिथेच आहे." मी म्हटलं, परिस्थिती नियंत्रणात आहे.

तो गेल्यावर मार्केत्ता म्हणाली, "वेयो, रान तुझं आहे. पण ते झाड माझं आहे. एकच उरलंय."

मला कळतं हो. सगळं कळतं. पण आता जाळी मागायला गेलो तर गावभर होईल, शहरातून आलेल्या शहाण्याने एल्कसमोर शरणागती पत्करली. हिवाळ्याचे चार महिने तोंड कुठे लपवू? त्यापेक्षा मी झाड वाचवून दाखवतो. माझ्या पद्धतीने.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

अंतिम योजना. तिसऱ्या झाडाशेजारी जाड खांब पुरला. झाड आणि खांब मिळून बुडापासून शेंड्यापर्यंत गोणपाटात गुंडाळले, दोरीने आवळले. खांबाला रेडिओ टांगला. स्टेशन असं निवडलं की जिथे फक्त संसदेतल्या चर्चा लागतात. माणसांचा अखंड आवाज. कुठलंही जनावर जवळ येणार नाही. मीसुद्धा येत नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दातांसाठी काल ताम्पेरेला जावं लागलं. जीव झाडात अडकला होता. परतल्या परतल्या खिडकीतून पाहिलं. गोणपाट जसंच्या तसं! रेडिओ चालू! जिंकलो!

मार्केत्ताही खूश. कित्येक दिवसांनी गुणगुणत होती. बुटांना चिखल, फाटकापाशी ओइवाची हातगाडी. शेणखत आणलं असेल. तिला म्हटलं, बघ, माझ्यावर भरवसा ठेवला की कसं होतं. ती म्हणाली, "हो रे. आता झाडाची काळजी नाही." लग्नाला इतकी वर्षं झाली, असं प्रशस्तिपत्र पहिल्यांदाच मिळालं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

मोठा शोध! एल्क रेडिओला घाबरत नाहीत. ते ऐकतात. आज पहाटे तीन एल्क गोणपाटाभोवती बसून अर्थसंकल्पावरची चर्चा ऐकत होते. एकाने गोणपाटाला नाक लावलं, हुंगलं, आणि तोंड फिरवलं. खाल्लं नाही! म्हणजे श्रवणाने भूक मरते. विद्यापीठाला कळवावं का?

मार्केत्ताला सांगितलं तर तिला ठसका लागला. पाणी दिलं.

रविवार, २ नोव्हेंबर

पहिलं बर्फ. पाइनची रोपं संपली. छाटणी वगैरे काही नाही, संपली. मामाने एवढं जपलेलं रान. रानात फिरताना रडू आलं, हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

विचारांती ठरवलं की बंदी उठवावी. माघार म्हणून नव्हे. औदार्य म्हणून. फक्त ओइवाने आधी विचारायला हवं. एकदा "वेयो, अडचण झाली रे" म्हणाला की झालं, मी लगेच विरघळतो.

संध्याकाळी तो आला. मी कॉफी ठेवली, बन काढले, सगळी वाट मोकळी करून दिली. पाऊण तास गाडीच्या हिवाळी टायरांवर बोलला. उठून गेला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शनिवारी क्लबचं गावजेवण. सगळ्या गावाला बोलावणं असतं, आम्हालाही आहे. तिथेच उभा राहून जाहीर करणार: रान क्लबला परत. दोन दिवस आरशासमोर भाषण घोकतोय. "मित्रहो, निसर्ग आणि माणूस" अशी सुरुवात. शेवटी थोडं थांबायचं, टाळ्यांसाठी.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काय लिहू.

क्लबच्या घरासमोर चुलीवर मोठं पातेलं, सुपाचा वास, आख्खं गाव. पातेल्यापाशी डाव घेऊन मार्केत्ता उभी! हिल्काशेजारी, ॲप्रन बांधून. महिनाभर दर बुधवारी येत होती म्हणे, या जेवणाच्या तयारीला. मला वाटायचं, वाचनालयात जाते.

मी घसा खाकरला, तेवढ्यात ओइवा उभा राहिला. हा माणूस आजवर दोन वाक्यांपलीकडे बोललेला नाही. आज बोलला. म्हणाला, "यंदा हंगाम लवकर आटोपला. परवान्यात ठरवून दिलेले तेवढे एल्क मिळाले. पूर्वी दिवस दिवस कुत्रे घेऊन वणवण करायचो. यंदा सगळे एल्क वेयोच्या रानात जमले. सकाळी कोवळं गवत खायला माझ्या शेतात उतरायचे, आम्ही बांधाच्या अलीकडे थर्मास घेऊन बसलेलो. कधी नव्हे ते गुडघे दुखले नाहीत. हे सगळं वेयोमुळे."

आणि टाळ्या! माझ्यासाठी! उठून उभे राहिले लोक! ओइवाने माझ्या डोक्यावर क्लबची लाल टोपी घातली. मानद सभासद. एक म्हातारा हात दाबून म्हणाला, "बंदी उठवू नकोस हां पोरा." हिल्का म्हणाली, "पुढच्या वर्षी पाट्यांना नवा रंग मार. रंग क्लब देईल."

भाषण राहिलं. सूप दोनदा घेतलं. चांगलं होतं, हे जास्त लागलं.

येताना गाडीत मार्केत्ताला म्हटलं, निदान तुझं झाड तरी मी वाचवलं. तिने माझ्या डोक्यावरची टोपी सरळ केली.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, इथला फादर्स डे. मार्केत्ता सकाळीच मेणबत्ती आणि थर्मास घेऊन बाहेर पडली. दरवर्षी आजच्या दिवशी ती वडिलांसाठी मेणबत्ती लावते. मनात आलं, ती परत येईपर्यंत गोणपाट सोडून ठेवावं. वडिलांचं झाड तिच्यासमोर उभं दिसू दे. एवढ्या सगळ्यात तिला देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

दोऱ्या सोडल्या. गोणपाट काढलं. आत खांब.

नुसता खांब. बुडाशी बुजवलेला खड्डा, त्यावर रेडिओ बोलतोय.

तेवढ्यात ती फाटकापाशी थांबलेली दिसली. मला पाहून वळून माघारी आली. रागावलेली नव्हती, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "तू दातांना गेलास ना, त्या दिवशी ओइवाने आणि मी मुळांसकट काढून त्यांच्या अंगणात लावलं. जाळीच्या आत. तुला सांगणार होते. पण तू रेडिओमुळे इतका खूश होतास." मग म्हणाली, "तिकडेच चाललेय." आणि गेली.

रेडिओ बंद केला. खांब उपटायला गेलो, उपटला नाही.

पायरीवर बसून ओइवाला फोन केला. विचारलं, मीही झाड बघायला येऊ का? म्हणाला, "ये की. त्यात विचारायचं काय? फक्त आत आलास की फाटक नीट लावून घे. एल्क शिरतात." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "तुझ्याकडचे."