उन्हातला मफलर

सावली (जि. चंद्रपूर), जानेवारी २००८. रविवार, संध्याकाळ

आज सासऱ्यांवर रागवावं की हसावं, तेच कळेना. माझ्या गुड्डीला दमा, म्हणून दोन हिवाळे त्यांनीच नातीला दार लावून घरात ठेवलं. हवा लागेल ना! परवा चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात व्हिटॅमिन डी फार कमी आहे, ते छातीलाही लागतं. पंप बंद करू नका, पण रोज ऊन द्या.

सकाळी पाहते तर अंगणाच्या एका टोकाला सासऱ्यांच्या मासोळ्या वाळत घातलेल्या, दुसऱ्या टोकाला खाटेवर गुड्डी. उन्हातच, पण स्वेटर, मोजे आणि वरून त्यांचा तो तपकिरी मफलर! नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता.

"मामाजी, असं ऊन कसं लागन तिले?"

"उन्हातच तं बसवली! डॉक्टरनं अजून काय सांगतलं?"

"तुमी मासोळ्या फडक्यात गुंडाळून वाळवता का?"

जरा जास्तच बोलले का मी? ते मग मफलर सोडायला लागले. एक वेढा सोडायचा, तिच्या छातीला कान लावायचा, मग दुसरा. किती भ्यायलेत बिचारे! गुड्डीला त्यांच्या दाढीच्या गुदगुल्या व्हायला लागल्या. मफलर खाली पडला तरी ते कान लावूनच.

मी घाबरले. "घरघर आहे का, मामाजी?"

त्यांनी हातानंच मला थांबवलं. "थांब ना बाई. हसून राह्यली ते. आतून आयकू दे."