चिमण्यांचं तोरण

माय, तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी आज पहिल्यांदाच तुला लिहायला बसलोय. तुला अक्षर येत नव्हतं, पण मी धडा लिहिताना तू हातातलं सूप थांबवून बघत बसायचीस, त्या भरवशावर लिहितो. तू न पाहिलेला माझा मुलगा आता गोंदियाला रेल्वेत कारकून आहे. शनिवारी त्याने दोन्ही लेकरं दवनीवाड्याला आणून सोडली, सात वर्षांची पोरगी आणि तिची पाठ न सोडणारा पाच वर्षांचा भाऊ. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची मळणी झालीये, भारी धान अजून उभं आहे, अंगणात तणसाचा ढीग आहे. दोघांनी त्यात इतक्या उड्या मारल्या की संध्याकाळी त्यांच्या केसांतल्या काड्या वेचून मीच थकलो.

रविवारी सकाळी तोरण करायला बसलो. तुझंच, धानाच्या लोंब्यांचं, दाराला टांगायचं आणि चिमण्यांनी येऊन खायचं. तू सांगायचीस तशा काड्या ओल्या फडक्यात ठेवल्या, नाहीतर मुरडताना मोडतात. तीन काड्यांची वेणी, प्रत्येक वेढ्याला एक लोंबी बाहेर. माझी बोटं आखडलीत, तरी दोन वेढ्यांनंतर आपोआप चालू लागली. पोरीची वेणी सैल, भावाची तर नुसती गाठच. कुणाला कसली घाई नव्हती. असं निवांत मी माझ्या मुलासोबत कधी बसलो नाही, हे तेव्हा मनाला लागलं.

लोंब्या संपल्या तशी पोरगी विळा घेऊन घरामागच्या धानाच्या बांधीत पळाली आणि ओटीभर घेऊन आली. सगळे दाणे टपोरे, एकही पोचट नाही. बियाण्यासाठी राखलेला कोपराच तिने कापला होता. मी ओरडलो, हातही उगारला.

"आबाजी, मले काय मालूम? चिमण्याइले चांगले दाणे भेटतील म्हून कापली," ती म्हणाली, आणि आता मी इथं कधीच येणार नाही, असंही म्हणाली. ती शब्दाची पक्की आहे. मी घाबरलो.

उगारलेला हात तसाच राहिला. तिच्याएवढा असताना मीही हेच केलं होतं, त्याच कोपऱ्यात. बाबा काठी घेऊन अंगणात उभे आहेत, मी दाराआड. तू चुलीपुढून उठतेस आणि म्हणतेस, "मीनं कापली. पोराले कायले पुसता?" बाबांनी तुला नाही नाही ते ऐकवलं, चार दिवस तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. उलट त्यातल्याच लोंब्या घेऊन मला वेणी घालायला शिकवलंस.

मी खाली बसलो आणि पोरीला हे सगळं सांगितलं, बियाणं कशाला राखतात तेही सांगितलं. अर्ध्या लोंब्या बियाण्यात ठेवल्या, अर्ध्या तिला दिल्या. जेवणापर्यंत रुसवा गेला आणि पुढच्या शनिवारी यायचं तिनेच ठरवलं. माय, हे तुझ्यामुळे झालं. तू त्या दिवशी उठली नसतीस तर माझा हात तिच्या पाठीत बसला असता.

संध्याकाळी गोंदियाला परत निघताना बैलगाडीत चढता चढता तिने विचारलं, "आबाजी, मंग तुमी तुमच्या मायले सांगतलं का, तुमीच कापली म्हून?"

मी हो म्हटलं. लेकरासमोर खोटं बोललो. तू गेलीस तेव्हाही मी उशाशीच होतो, तरी तोंडातून शब्द निघाला नाही. हा कागद कुठे पाठवणार? तरी लिहितो. माय, त्या लोंब्या मी कापल्या होत्या.