थोरली जड झाली

धाराशिव
८ डिसेंबर २०२४

ती. रणधीरदादांस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी ज्वारी निवडत बसले होते आणि एकदम सास्तूरची आपली ओसरी आठवली. दिवाळीची सुट्टी. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून नुकतीच आलेली, पायातले पांढरे मोजेसुद्धा काढले नव्हते. आई शेंगा फोडत होती. आण्णा चटईवर बसलेले, पुढ्यात त्यांची थोरली आणि पाहुण्यांची दुसरी अशा दोन पंप बंदुका. तुम्हाला नि मला त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. ते लाकडाची खोटी काडतुसं घालून एकेक बंदूक ओढायचे. नळीखालची मूठ मागे घेतली की काडतूस बाहेर, पुढे लोटली की दुसरं आत. खर्रर्र-खट्. आवाजावरून सांगायचं, कुठली ओढली. तुम्ही पाचातलं एक बरोबर सांगायचात आणि मग कान सर्दीनं बसलाय म्हणायचात. त्यात विशेष काही घडलं नाही. आईनं शेंगा दिल्या, त्या खाल्ल्या, एवढंच. पण आज डोळे भरून आले खरे.

तुमचं पत्र परवा मिळालं. बरं झालं आपण अजून पत्रं लिहितो. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही. निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका परत आल्या आणि तेव्हापासून थोरली जड चालते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून ती सोलापूरच्या दुकानदाराला विकायची आणि नवीन, हलकी चालणारी पंप बंदूक घ्यायची. दादा, ती बंदूक भूकंपात दगडांखालून निघाली तेव्हाही चालत होती. ठाण्यातल्या दीड महिन्यानं तिला असं काय झालं?

विकायच्या आधी एक करा. तुमच्याकडची सरकारी कारखान्यात बनलेली धाकटी बंदूक आणि शेजारच्या हिंमतरावांनी घेतलेली नवी, या दोन्हींशी थोरली ताडून बघा. तिघींची तुलना मला सविस्तर लिहा. बोर्डिंगमध्ये सिस्टर आमची पत्रं वाचूनच टपालात टाकायच्या आणि माझ्या पत्रातल्या बंदूक या शब्दाखाली निळी रेघ मारायच्या. आता ती भीती नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहा.

वहिनींना नमस्कार. आरोहीला सांगा, आत्यानं विचारलंय की सगळं शेत तू बघतेस तर बाबा दिवसभर करतात काय.

तुमच्या मायेत कायम असलेली,
भुवन

सास्तूर
१६ डिसेंबर २०२४

चि. भुवन हीस,
अनेक आशीर्वाद.

पाचातलं एक न्हाय, दोन. तुझ्या आठवणीत माझी किंमत दरवर्षी उतरती आहे.

तुलना केली. हिंमतराव रविवारी त्यांची नवी घेऊन आले. तिन्ही रिकाम्या आहेत हे दोघांनी दोनदा तपासलं. आण्णांचीच लाकडी काडतुसं घातली आणि प्रत्येक बंदूक दहा वेळा ओढली. निकाल असा. थोरली लई जड. मूठ मागं येते, पण पुढं लोटताना मध्येच राहते. ठाण्यातली ओल, दुसरं काय. धाकटी तर विचारू नकोस. तिचं कारण मात्र घरातच सापडलं. तुझ्या वहिनीनं ती परत आल्यावर पुसली आणि पुसून झाल्यावर करडईचं तेल लावलं. मूठ जिथं सरकते तिथं ते तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. आरोहीनं रॉकेलनं साफ केलं, तरी जडच. हिंमतरावांची नवीही जड निघाली. नवा माल आहे, अजून रुळला न्हाय, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मला तर हलकी वाटते. मी म्हणालो, तुम्ही पैसे मोजलेत, तुम्हाला वाटणारच. थोडे रुसले.

तेव्हा तिन्हींत उजवीडावी करण्यासारखं फारसं न्हाय. पण थोरलीचं वय झालं. रानडुकरं भुईमुगात शिरली म्हणजे हवेत एक बार काढायचा आणि लगेच दुसरा. तो दुसरा वेळेवर न्हाय निघाला तर डुकरं उभी राहून बघतात. परवा बघत होती.

वेळ अमावस्येला शेतातल्या पूजेला आणि जेवणाला ये. कडब्याची कोप मोठी केली आहे, सगळे आत बसू. आंबिल तुझ्या वहिनीची, त्यात ती करडईचं तेल घालणार न्हाय याची हमी मी देतो. तूच थोरली ओढून बघ. तुझ्या कानाला आणि हाताला आण्णा मानायचे, मीही मानतो. तू म्हणशील तसं करू.

तुझी वाट बघणारा,
दादा

सास्तूर
३ जानेवारी २०२५

चि. भुवन हीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेलीस आणि घर एकदम रिकामं झालं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी अजून दोन दिवस पुरली. तुझी वहिनी दीपमाला म्हणते, वन्सं आल्या की तुम्ही जास्त बोलता आणि त्या गेल्या की अजिबात न्हाय.

माझ्या डोक्यावरचं ओझं तू उतरवलंस. खरं सांगतो, थोरली विकायची म्हणजे आण्णांना घरातून बाहेर काढल्यासारखं वाटत होतं. कधी कधी शंकाही यायची की मीच काहीतरी चुकतोय. पण शेतात तू ती ओढलीस, तोंड वाकडं केलंस आणि जड झाली हो दादा म्हणालीस, तेव्हा जीव शांत झाला. तुझ्या हातालाही तसंच वाटलं म्हणजे दोष तिचाच. सोलापूरच्या दुकानदाराशी बोललो. कागदपत्रं तयार आहेत. संक्रांत झाली की सोळा तारखेला आरोही मला घेऊन जाईल आणि थोरली देऊन येऊ.

आरोही मात्र दोन दिवस गप्प आहे. तिला वाईट वाटतंय बहुतेक.

तू आहेस म्हणून निश्चिंत असलेला,
दादा

धाराशिव
६ जानेवारी २०२५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आरोहीच्या मैत्रिणीबरोबर हातोहात पाठवते आहे. टपालाची वाट बघण्याइतका वेळ नाही. एकट्यानं वाचा, रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी तुमच्याशी खोटं बोलले.

थोरली जड नाही, दादा. त्या दिवशी जेवणं झाल्यावर कोपीच्या सावलीत तुम्ही ती माझ्या हातात दिलीत. मी मूठ ओढली तर ती पाटावरून रेशमी कापड सरकावं तशी मागे आली आणि तशीच पुढे गेली. कुठे अडली नाही. मग धाकटी ओढली. ती अर्ध्यावर किंचित खरखरते, पण ती पहिल्यापासूनच तशी आहे. हिंमतरावांनी जेवायला येताना आणलेली नवी हलकी आहे, फक्त तिची मूठ थोडी डुगडुगते. तिन्हींत थोरली पहिली. तुलना मागितली होती मी, आणि तिचं खरं उत्तर माझ्याकडेच आठवडाभर दडून राहिलं.

खोटं का बोलले तेही सांगते. ओढताना माझी नजर वर गेली. तुम्ही बंदुकीकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मुलं बाईंच्या तोंडाकडे बघतात ना, तसं. पस्तीस वर्षं शिकवलं मी, ती नजर ओळखते. मला ते बघवलं नाही. मी तोंड वाकडं केलं आणि जड झाली म्हणाले. तुमच्या चेहऱ्यावर असं काही सुख आलं की मी स्वतःवर खूश झाले. घरी येऊन झोपले तेव्हासुद्धा वाटत होतं, चांगलं काम केलं. तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं की माझ्या एका शब्दावर आण्णांची बंदूक घराबाहेर चालली आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे.

तिन्ही बंदुका जड निघाल्या, असं तुम्हीच लिहिलं होतंत. एकीला ओल, एकीला तेल, एक नवी. तिघींना तीन दुखणी. पण तिन्ही ओढणारा डावा हात एकच होता, दादा. शेतात मी बघत होते. भाकरी तुम्ही डावा हात न लावता एकट्या उजव्यानंच मोडलीत. आंबिलीचं लोटकं डाव्या हातात घेतलंत आणि लगेच खाली ठेवलंत. सदऱ्याची वरची गुंडी आरोहीनं लावून दिली. वहिनी म्हणाल्या, थंडीनं बोटं आखडतात त्यांची. तिथे थंडी नव्हती. तुम्ही हे कोणाला बोललाही नसाल, कारण दोष बंदुकीचा आहे अशी तुमची मनापासून खात्री होती. त्या खात्रीवर मी शिक्का मारला.

सोळा तारखेला सोलापूरला जाऊ नका. त्याच्या आधी लातूरला चांगल्या डॉक्टरांकडे जा. उद्या जा म्हटलं तरी चालेल. मला बरोबर यायचं आहे, पण तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही. आता तुमच्यापुढे उभं राहायचा हक्क मी थोडा घालवलाच आहे.

रागवा, पण दार बंद करू नका.

तुमची,
भुवन

सास्तूर
२४ जानेवारी २०२५

चि. भुवन हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पहिले दोन दिवस मी ते पुन्हा उघडलं न्हाय. तुझा राग आला होता. बाई शहाणी झाली, आता भावाच्या हाताचे मार्क काढते, असं दीपमालाला म्हणालोही. तिनं माझ्या ताटातली भाकरी मोडून दिली आणि आत गेली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी थोरली काढली. रिकामी आहे हे बघितलं. मग तिचा दस्ता डाव्या खांद्याला टेकवला आणि मूठ उजव्या हातानं ओढली. सत्तरीला आलो, असं कधी केलं नव्हतं. खर्रर्र-खट्. एवढी हलकी की मला हसू आलं. लगेच हसू गेलंही. मग आरोहीला हाक मारली आणि गाडी काढ म्हणालो.

लातूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. नोव्हेंबरच्या अखेरीस डोक्यात बारीकसा झटका येऊन गेला आहे, इतका बारीक की मला कळला न्हाय. त्याच दिवसांत बंदुका परत आल्या होत्या, म्हणून ते बालंट थोरलीवर गेलं. गोळ्या दिल्या आहेत, बोटांचे व्यायाम दिले आहेत. ते म्हणाले, उशिरा आलात, पण फार उशीर न्हाय. पुन्हा असा झटका येण्याआधी आलात हे महत्त्वाचं. एवढ्यासाठी तुझ्यावरचा राग सोडून दिला. थोडा ठेवला आहे, सवयीसाठी.

परतताना मी बघितलं, आरोही गाडी चालवत रडत होती. तिनंही थोरली ओढली होती, आधीच. जड न्हाय हे तिला माहीत होतं. बाबांना कसं सांगायचं म्हणून ती गप्प होती आणि आत्याही तेच म्हणाली म्हटल्यावर तिचं तोंडच बंद झालं. माझ्यावर माया करणाऱ्या तिघी बायकांनी मिळून मला बरोबर फसवलं.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवतो. हे पत्र तू जपून ठेव.

थोरली आरोहीला. परवाना पंचवीस वर्षांहून जुना असला तर हयातीतच वारसाच्या नावे करता येतो, असं कलेक्टर कचेरीत सांगितलं. तिनं अर्ज भरला आहे. मंजूर होईपर्यंत बंदूक माझ्याजवळ, पण मी ती चालवणार न्हाय.

धाकटी विकायची. परवाना असेल त्यालाच द्यायची, आणि घेणाऱ्याला ती अर्ध्यावर खरखरते हे आधी सांगायचं.

काडतुसांचा चामडी पट्टा अमरसिंहाला. पोरगा पुण्यात राहतो, त्याला बंदुकीची ओढ न्हाय, पण आजोबांचं काहीतरी भिंतीवर असावं म्हणतो. असू दे.

सफाईचा गज, ब्रश आणि तेलाची डबी दीपमालाला. ती म्हणाली, मी काय करू त्याचं? मी म्हणालो, पोरीला साफ करायला शिकव. तेल मात्र डबीतलंच.

हिंमतरावांची माफी. ती मी स्वतः जाऊन मागेन, पत्रानं न्हाय.

आणि तुला वस्तू काही न्हाय. तुला दरवर्षी वेळ अमावस्येला यायचं. आरोही थोरली ओढेल, तू ऐकायचं, मग हातात घेऊन बघायचं आणि चालते कशी ते सगळ्यांदेखत सांगायचं. माझ्या तोंडाकडे न बघता.

तुझ्यावरची माया तसूभर कमी न झालेला,
दादा