तीन ठोक्यांची जागा

हॉस्टेल, मंगळवार

माझे लाडके डॅडी,

मी मजेत आहे. मम्मीला सांगा, जेवतो वेळेवर, आणि कॉलेजच्या बँडमधला तो अवजड पितळी टुबा उचलून उचलून खांदे तुमच्यासारखे झालेत. आपल्या डेझी कुत्रीच्या पायाला मलम लावताय ना? चाटू देऊ नका तिला.

शनिवारी आपलं कॉलेज फुटबॉलची मॅच जिंकलं, ते टीव्हीवर बघितलंच असेल. आपल्या कॉलेजच्या गाण्यात बँड तीन ठोके थांबतो आणि अख्खं स्टेडियम समोरच्या टीमला "बायल्या!" म्हणून ओरडतं. ते मी सहा वर्षांचा असताना तुमच्या खांद्यावर बसून शिकलो. किती खूश झाला होतात तुम्ही!

या वेळी मी गप्प राहिलो. शेजारचा ट्रॉम्बोनवाला म्हणाला, "ओरड की लेका! का तूही त्यातलाच?" सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या खेपेला सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो. नंतर दोन दिवस घास उतरला नाही. हे मम्मीला सांगू नका.

डॅडी, मी त्यातलाच आहे. मला मुलगे आवडतात. बाकी तुमचाच आहे, नखशिखांत.

पुढच्या शनिवारी तुम्ही मॅचला याल, स्टेडियममधल्या आजोबांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसाल. तुमच्या हातच्या डुकराच्या भाजलेल्या बरगड्या जास्तच आणा, ट्रॉम्बोनवाल्यालाही हव्यात. ऐंशी हजार माणसांतही मला तुमचा आवाज ओळखू येतो. त्या तीन ठोक्यांत तो ऐकू आला नाही, तर पत्र पोचलं असं समजेन.

तुमच्याच खांद्यांचा,
हॉलिस