चौकाकडची भिंत आणि लाल छत्री

मी, खाली सही करणारा, ज्याला या चौकात सगळे 'पेंटर' म्हणूनच ओळखतात, राहत्या घरी बसून स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत आणि हात थरथरतो, पण बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. पत्नीचं आहे, पण ते लग्नापासूनचं असल्याने कायद्याने धरू नये. यापूर्वी काही लिहून ठेवलेलं सापडल्यास ते रद्द समजावं.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. सासऱ्यांचं छत्र्यांचं दुकान खालीच होतं. ते थकल्यावर जागा मी त्यांच्याकडून रीतसर विकत घेतली. हे घर पत्नीच्या हयातीत तिने वापरावं आणि तिच्यामागे मुलाला मिळावं. यातून चौकाकडची बाहेरची भिंत वगळली आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

२. बँकेतली ठेव पत्नीची. मुलाने तिला त्याबद्दल सल्ला देऊ नये.

३. रंगवताना हात टेकायची माझी काठी, बारीक रेषेचे ब्रश आणि रंगांची पेटी सूनबाईला द्यावी. तिचं अक्षर वळणदार आहे. मुलाला ब्रश देत नाही, कारण तो त्यांनी छपाईचं यंत्र पुसेल. त्याचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. चांगला चालतो, मला त्याचं समाधान आहे. पण गल्लीतल्या प्रत्येक पुढाऱ्याचा वाढदिवस त्याने खांबाखांबावर टांगला आणि त्याच्या आईने ते सगळे एकेक करून उतरवले. दोघं रात्री एकाच ताटलीतली पोळी मोडून खायचे आणि मी मध्ये बसून वरण वाढायचो.

४. परसातल्या पत्र्याच्या खोलीत जुन्या लाकडी पाट्या आहेत. मागे शहरात सुशोभन अधिकारी आले होते. त्यांनी खांबांना सोनेरी रंग दिला, दुभाजकात सिमेंटची हरणं बसवली आणि सगळ्या दुकानांना एकाच निळ्या रंगाच्या, एकाच अक्षराच्या पाट्या लावायला लावल्या. तेव्हापासून औषधाचं दुकान कोणतं आणि चपलांचं कोणतं, हे आत गेल्यावर कळतं. उतरवलेल्या पाट्या मी भंगारात जाऊ दिल्या नाहीत. ज्याची त्याला परत करावी. सदर अधिकाऱ्यांना माझ्यातर्फे काहीही देऊ नये.

५. आता भिंत.

तिच्यावर माझं पहिलं मोठं काम आहे. 'छत्र्या दुरुस्त करून मिळतील' ही अक्षरं आणि वर उघडी लाल छत्री. चित्र काढताना समोर छत्री हवी होती, म्हणून दुकानदारांची मुलगी भर उन्हात रस्त्यात छत्री उघडून उभी राहिली. छत्री केव्हाच काढून झाली होती, तरी मी तिला बराच वेळ उभी ठेवली. तीच माझी पत्नी.

पुढे ती चित्रकला शिकवू लागली. तिच्या वर्गाच्या खिडकीवर कोणीतरी जाहिरातीचा अवाढव्य फलक ठोकला आणि भर दिवसा वर्गात दिवे लावायची वेळ आली. तिथून तिने चौक सुशोभन समिती काढली. फलक उतरले, लोंबत्या तारा गेल्या, भिंतींवरची पत्रकं खरवडली गेली. मुलांना खिडकीतून पुन्हा झाड दिसू लागलं. या सगळ्यात मी तिच्या बाजूने होतो आणि आहे.

मग समितीने ठराव केला, की चौकात कोणत्याही भिंतीवर जाहिरात नको. पहिली नोटीस आमच्याच घराला आली. चहाच्या कपाखाली ठेवलेली, खाली अध्यक्ष म्हणून तिची सही.

"अगं, दुकान बंद होऊन जमाना झाला. ही कसली जाहिरात?"

"नियम सगळ्यांना एकच. माझ्या घराला सूट दिली तर उद्या कोण ऐकेल माझं?"

मी हरकत घेतली. ती तिने अध्यक्ष म्हणून फेटाळली आणि मला आणखी चहा दिला. भिंतीला चुना मारला गेला. त्या रात्री मी जेवलो नाही.

पावसाळा संपला आणि चुन्यातून छत्री वर आली. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. लोकांना वाटलं, मीच शिडी लावून रंगवतो. दरवर्षी नोटीस, दरवर्षी हरकत, दरवर्षी चुना, दरवर्षी छत्री. भिंत घासून प्रायमर मारला असता, तर ती कायमची गेली असती. मी गप्प बसलो. वाटायचं, मी समितीला बनवतोय.

यंदा जिना उतरवत नाही, म्हणून गॅलरीत बसून काम बघत होतो. समोरच्या भिंतीला माणसं आधी घासून प्रायमर मारत होती. आमच्याकडे आली आणि थेट चुना कालवायला लागली. मी मुकादमाला हाक मारून विचारलं.

तो म्हणाला, "काका, सगळीकडे प्रायमरच असतो. तुमच्या भिंतीला तेवढा चुना मारायचा, असं बाईंनी पहिल्या वर्षीच सांगून ठेवलंय."

पेंटरबरोबर जन्म काढलेल्या आणि स्वतः रंग शिकवणाऱ्या बाईला ऑइलवर चुना टिकत नाही हे माहीत नसेल, असं मी म्हणू शकत नाही. मी तिला काही विचारलं नाही. इतकी वर्षं तिने सांगितलं नाही, तर आपण कशाला बोलून दाखवायचं. संध्याकाळी ती समोर भाजी निवडत बसली होती आणि मला रडू येत होतं. "डोळ्यांत चुना गेला," म्हणालो. "मग गॅलरीत बसता कशाला?" म्हणाली.

म्हणून लिहून ठेवतो. मुलगा म्हणतो, "बाबा, भिंत नुसतीच पडून आहे, फ्लेक्स लावू, घरबसल्या भाडं येईल." ते होणार नाही. या भिंतीवरचा सर्व हक्क एकट्या पत्नीचा, आणि तिच्यानंतर सूनबाईचा. जिन्याखाली चुन्याचं पोतं आहे, शेजारी प्रायमरचा डबा आणि तारेचा ब्रश आहे. छत्री ठेवायची की घालवायची, हे पत्नीने ठरवावं. ती जे करील ते मला मान्य आहे.

एकच विनंती. दरवर्षीची नोटीस तिने माझ्याच नावाने काढत जावी आणि चहाच्या कपाखाली ठेवावी. यापुढे हरकत येणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

साक्षीदार १ : शेजारचे शिंपी. (निळ्या पाटीखाली बसतात, नाइलाजाने.)
साक्षीदार २ : दाखला देणारे डॉक्टर.

स्थळ : राहतं घर, चौकाकडची खोली.
दिनांक : समितीच्या वार्षिक तपासणीचा आदला दिवस, तारीख नोंदणीच्या शिक्क्यात येईलच.

सही : पेंटर
(अक्षर वाकडं आलं आहे. तिने दुरुस्त करू नये.)