शंभराव्या हिटला टेकवलेली बॅट

चाकण, सोमवार

आदरणीय बाबा,

सप्रेम जयभीम. फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिहिते. मी बरी हाय. गुडघा जरा सुजलाय, पण आईला सांगू नका.

काल बेसबॉलात माझी शंभरावी हिट झाली. चेंडू मारून पहिला बेस गाठला की एक हिट, हे मागं सांगितलं होतं. आठ वर्षं दर रविवारी खेळून नव्व्याण्णव झाल्या आन् तिथंच पाच आठवडे अडकले. कंपनीतल्या बाया रोज विचारायच्या. मी हसण्यावारी न्यायचे, पण जेवण जात नव्हतं.

काल मी मारलेला चेंडू समोरच्या टीमच्या दोघींच्या मधून गेला. बेसबॉलात बॅट तिथंच टाकून पळायचं असतं. मी बॅट घेऊनच पळाले आन् वाकून बेसवर टेकवली, गावी पालीला, धरणाजवळ तुमी क्रिकेट शिकवलं तशी. सगळं मैदान हसलं. पाय बेसला लागला का, मलाच ठाऊक नव्हतं.

अंपायर म्हणाले, "बॅटीचं काय न्हाई बाई, पाय पडलाय. सेफ."

मी तिथंच खाली बसले. लई हलकं वाटलं.

आई म्हणते, कानाचं मशीन डबीतच असतं. कावून? टोचतं का?

काल पळताना मला तुमचंच ओरडणं ऐकू येत होतं, "टेकव, टेकव." येत्या रविवारी मैदानातूनच फोन लावते. मशीन घालून बसा, आन् या वेळी "टाक" म्हणून ओरडा.

तुमची लेक,
संघमित्रा