तंतुसम्राटचा मालक कोण

३ जानेवारी १९९४
आजपासून मी कंत्राटी प्रोग्रामर नाही. मी सॉफ्टवेअरचा मालक आहे.
इंग्रजी मासिकात वाचलं की परदेशात सॉफ्टवेअर कोणी विकतच नाही. फक्त वापरायचं लायसन्स देतात. कंपनी कितीही मोठी असो, तिने वापरायचं आणि मालकाला नमस्कार करायचा. आणि मी? भिवंडीत नारपोलीच्या कमळ सिल्क मिल्सला 'तंतुसम्राट' प्रोग्राम करून दिला. कुठल्या लूमवर किती सूत गेलं, कापडाचे किती ताके परत आले, सगळं स्क्रीनवर. आणि वर मीच त्यांना नमस्कार करतो.
हे बंद.

१० जानेवारी
कमळचे मॅनेजर शरच्चंद्र प्रधान यांच्याकडे विषय काढला. साहेब, तंतुसम्राट कोणाचा? ते म्हणाले, कॉम्प्युटर आमचा, केबिन आमची, एसी आमचा, तुम्ही प्यालात तो चहा आमचा, मग तुमचं काय? मी म्हटलं, डोकं. ते म्हणाले, गवंडी घर बांधतो तेव्हा स्वयंपाकघर स्वतःकडे ठेवतो का?
याला माझ्याकडे बिनतोड उत्तर होतं. ते रिक्षात बसल्यावर सुचलं.

१४ जानेवारी
भयंकर प्रकार. कमळचे मालक रामनाथशेठ, त्यांच्या मेव्हण्याने तंतुसम्राट फ्लॉपीवर घालून निजामपुऱ्यातल्या आपल्या ऑफिसात नेलाय. कळलं कसं, तर तो स्वतःच तक्रार घेऊन माझ्या घरी आला. दारातूनच ओरडला, श्रीनाथभाई, आपका सम्राट हमारे ताके खा गया, स्टॉक मायनस में दिखा रहा है!
संताप आला. थोडं बरंही वाटलं, माल पसरतोय.
कडक शब्दांत जाब विचारायचा ठरवलं, पण आधी त्याचा मायनस काढून द्यायला गेलो. काढला. तोवर तो जेवायला निघून गेला.

१६ जानेवारी
लायसन्सचा करारच करायचा. ठाण्याच्या मित्राने एका परदेशी सॉफ्टवेअरच्या खोक्यातल्या कराराची झेरॉक्स दिली. नावं बदलायची की झालं.
त्यात दोन पार्ट्या आहेत. एक लायसन्सर, एक लायसन्सी. मी कोण? घाई केली नाही, विचार केला. चेकवर ज्याला पैसे मिळतात तो पेयी. पगार मिळतो तो एम्प्लॉयी. शेवटी 'ई' असलेल्याला नेहमी मिळतं. म्हणजे मी लायसन्सी. कमळवाले लायसन्सर.
बायको, सुमती, म्हणाली, मी वाचून बघू का? ती हायस्कूलला इंग्रजी शिकवते. तिला समजावलं की हे टेक्निकल इंग्रजी आहे.

२१ जानेवारी
विजय!!
प्रधानसाहेबांनी करार वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत विचारलं, नक्की हेच हवंय ना तुम्हाला? आवाजात भीती होती. मी म्हटलं, एक स्वल्पविराम बदलणार नाही. ते म्हणाले, घरी कोणाला दाखवलंत का? मी म्हटलं, गरज नाही.
ते आत गेले. रामनाथशेठनी लगेच सही केली आणि फालुदा मागवला. निघताना एक शर्टपीसही दिला. ताठ राहिलं की मोठी माणसं कशी नरमतात!

२४ जानेवारी
संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासची नोकरी सोडली. मालक माणसाने फळ्यापुढे उभं राहणं बरं दिसत नाही. सुमतीला सांगितलं. तिने मटारची आणखी एक शेंग सोलली. मग म्हणाली, बघा बाई.
पाठिंबाच समजायचा.

२ फेब्रुवारी
शेलार गावी गेलो. प्रभाकर पाटलांनी नवीन लूम टाकलेत, त्यांना तंतुसम्राट हवाय. लायसन्स म्हणजे काय ते मी सविस्तर सांगितलं. पाटील म्हणाले, तो इचार तुमी करा, आमाला ताके मोजन्याशी मतलब. पोग्राम तुमचाच हाय ना? मंग घेऊन या. फकस्त कमळवाल्यांची चिठ्ठी आना, आमचा त्यांचा धंदा हाय, मागून भांडान नको.
चिठ्ठी काय, उद्या आणतो.

३ फेब्रुवारी
आज काही लिहिण्यासारखं नाही.

४ फेब्रुवारी
लिहितो.
प्रधानसाहेबांकडे चिठ्ठी मागितली. त्यांनी कपाटातून करार काढला आणि मराठीत अर्थ सांगितला. लायसन्सर म्हणजे लायसन्स देणारा, मालक. लायसन्सी म्हणजे घेणारा. घेणाऱ्याने प्रोग्राम एकाच कॉम्प्युटरवर वापरायचा. कॉपी काढायची नाही, विकायचा नाही, त्यात बदल करायचा नाही. घेणारा: श्रीनाथ. खाली सही, माझीच.
मी म्हटलं, टायपिस्टची चूक. ते म्हणाले, स्वल्पविराम बदलणार नाही म्हणाला होतात.
रामनाथशेठ बाहेर आले. माणूस वाईट नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, श्रीनाथ, तू वापर की! तुला कोण नाही म्हणतंय? फक्त शेलारला नको देऊ, पाटील आपल्या मालाच्या भावात घासाघीस करतो.
फालुदा विचारला. नको म्हटलं. नंतर घेतला.

८ फेब्रुवारी
शेठचा मेव्हणा पुन्हा दारात. मायनस वापस आ गया. मी शांतपणे म्हटलं, भाई, मला प्रोग्रामला हात लावायची कायद्याने बंदी आहे. तो गोंधळला. पायरीवर बसला. पाणी मागितलं.
करार कळल्यापासूनचा हा पहिला आनंदाचा दिवस.

९ फेब्रुवारी
प्रधानसाहेबांनी लेटरहेडवर खास परवानगी पाठवली. तक्रार येईल तेव्हा मी बदल करू शकतो. केला.
पाटलांनी मुंबईहून दुसरा प्रोग्राम आणला म्हणे.

१३ फेब्रुवारी
क्लासच्या सरांना भेटलो. सांगितलं की सॉफ्टवेअर क्षेत्रातला अनुभव आता विद्यार्थ्यांना द्यावासा वाटतो. ते म्हणाले, सकाळची बॅच आहे, फळा आधी पुसून ठेवत जा.
घरी येऊन सुमतीला करार वाचायला दिला. ती मन लावून वाचत होती. मधेच पदर तोंडाला लावून आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. शेवटी डोळे पुसत म्हणाली, अहो, म्हणजे आता तुमच्याकडे नेमकं आहे तरी काय?
तिला नीट समजावलं. अख्ख्या भिवंडीत तंतुसम्राट वापरायचं अधिकृत लायसन्स एकट्या माझ्याकडे आहे. बाकीचे नुसते मालक.